लोणखेड्याची बसकी मोटार

संपादकांचा माणूस घरी येऊन बसला. म्हणाला, मिस्त्री, जुन्या मोटारींच्या गमती लिहा, दिवाळीत वाचणाऱ्याला हसू आलं पाहिजे. मी म्हटलं, गमतींना काय तोटा? तळोद्याच्या एका बागाईतदाराने मोटार घेतली, पहिल्याच दिवशी सगळ्या पाहुण्यांच्या दारांवरून फिरवली आणि घरी आल्यावर दमलेल्या बैलाला घालावी तशी तिला अंघोळ घातली. टोपण उघडून, गार पाण्याची बादली थेट तापल्या इंजिनावर! ठाणकन लोखंड तडकलं. वर मलाच विचारतो, "मिस्त्री, मोटारले थंडी वाजनी का?" अशा चार गोष्टी सांगितल्या की पानंही भरतात आणि माझीही सुटका होते.

पण हसवायला बसलो की मला दित्या आठवतो आणि माझं तोंड कडू होतं. तेव्हा गमती दुसऱ्या कुणाकडून घ्या. मला एकच गोष्ट सांगायची आहे. लोणखेड्याच्या हरी पाटलांची मोटार नाल्यात गेली, तेव्हा त्यांचा ड्रायव्हर दित्या पावरा दारू प्यायलेला नव्हता आणि त्याने स्टिअरिंग चुकीचं फिरवलेलं नव्हतं. हे मी तेव्हा फौजदाराला सांगितलं, पाटलांना सांगितलं, पुढे जो भेटेल त्याला सांगत सुटलो. लोक म्हणायचे, मिस्त्रीचं डोकं फिरलं. आता छापून सांगतो. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते बहुतेक मातीत गेले, त्याला मी काय करू?

माझं मराठी शाळेतलं आहे. घरात आणि बाजारात आम्ही अहिराणीच बोलायचो. चुकलं तर संपादकांनी नीट करावं.

आमचं घर मूळचं बैलगाड्यांचं. वडील, कासम मिस्त्री, नंदुरबारात चाकांना लोखंडी धाव चढवायचे आणि चाकं जोडणारा आख बसवायचे. त्यांच्या हातची गाडी कापसाने गच्च भरून नदीच्या वाळूतून ओढली तरी कुरकुरायची नाही. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, युसूफ. सुरतेला जाऊन मोटारीचं काम शिकून आलो आणि स्टेशनच्या रस्त्याला पत्र्याखाली दुकान थाटलं. अब्बांना मोटार आवडायची नाही. "वास मारस, आन दाणा खात नही ते तिना जीव कशावर?" एवढंच म्हणायचे. पण माझ्या दुकानावरून जाताना उगाच थांबायचे, एखादा नट उचलून त्याचे आटे बोटाने चाचपायचे.

अब्बांच्या धंद्यातल्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली म्हणजे पाचर. चाक ढिलं झालं, आख डुगडुगला की आळशी कारागीर मधे पाचर ठोकतो आणि मोकळा होतो. अब्बांना त्याचा भयंकर तिटकारा. दुसऱ्याच्या गाडीत पाचर दिसली तरी ते भर बाजारात थुंकायचे. "पाचर म्हंजे कारागीरनी लाज," हे वाक्य मी जेवताना, झोपताना, मार खाताना ऐकलेलं आहे.

दुसरी म्हणजे रीत. नवी किंवा दुरुस्त केलेली गाडी पहिल्यांदा मोठ्या प्रवासाला निघाली, म्हणजे वरात असो, यात्रा असो, लेक सासरी जाणं असो, तर आदल्या दिवशी कारागिराने मालकाच्या दारी जायचं. गाडीखाली शिरून आखावर हात फिरवायचा, काही हलत असेल तर ठीक करायचं, आपल्या हाताने वंगण घालायचं. मालक नारळ देणार. त्या पहिल्या प्रवासाची जोखीम कारागिराने माथ्यावर घेतली, असा त्याचा अर्थ. मोटारीच्या धंद्यात ही रीत कोण पाळणार? मी तरी पाळत नव्हतो.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी हरी पाटील माझ्या दुकानात आले. लोणखेड्याचे गुजर, घरची मोठी शेती, माणूस शांत. कुणाकडून तरी जुनी उघड्या टपाची मोटार घेतली होती. म्हणाले, "मिस्त्री, गाडी खाले बसाडनी शे."

"कितली, आबा?"

"मन्ही मायना पाय चढी जाय इतली."

पाटलांची आई जिजी. माळ्यावरून धान्य काढताना शिडी सरकली, कमरेचं हाड मोडलं आणि ते वाकडंच सांधलं. तेव्हापासून ती घराच्या उंबऱ्याबाहेर पडलेली नव्हती. बैलगाडीत बसवलं की पहिल्या हिसक्याला किंकाळी फोडायची. तिचं माहेर तापीकाठचं प्रकाशा गाव. तापीच्या घाटावर एकदा बसावं, भावाचं घर पाहावं, एवढीच तिची इच्छा. मोटारीत हिसके कमी म्हणून मुलाने हौसेने मोटार आणली, तर तिची पायरी इतकी उंच की जिजीचा पाय पोचेना. चौरंग ठेवून पाहिला, तो डगमगला, ती घाबरली. मुलं म्हणाली, उचलून बसवतो. म्हातारी कडाडली, "उचलीसन ठेवाले मी काय कापूसनं गठोडं शे का रे?" झालं. दारात मोटार उभी आणि आई घरात.

मी लोणखेड्याला गेलो. जिजी ओसरीवर बसली होती, काठी मांडीवर आडवी. मी विटा मागवल्या, एकावर एक ठेवत गेलो आणि तिला पाय उचलून ठेवायला सांगितलं. जिथे तिचा चेहरा आवळला तिथे थांबलो, काठीवर खूण केली.

ती मला निरखत होती. "तू कासम मिस्त्रीना पोऱ्या का?"

"हा जिजी."

"मन्ही वरात तुन्हा आजानी बनाडेल गाडीवर निंघनी व्हती. वाटमा पाणी हालनं नही पोटमानं. तू तशी करशी का?"

मी म्हटलं, करसू. तोंडातून गेलं खरं.

आता धंद्यातलं थोडं समजावतो. कंटाळू नका, नाहीतर तुम्हीही पुढे फौजदारासारखी मान हलवाल.

मोटारीचं पुढचं चाक नुसतं फिरत नाही, त्याला वळावंही लागतं. म्हणून आखाच्या दोन्ही टोकांना एकेक उभी खीळ असते. तिला आम्ही किंगपिन म्हणतो. पाहणाऱ्याला ती ताठ उभी वाटते, पण तिचा माथा जरासा मागे रेललेला असतो. त्यामुळे चाक जमिनीला टेकतं ती जागा खिळीच्या रोखाच्या मागे पडते, म्हणजे चाक खिळीमागून ओढलं जातं. आणि जे मागून ओढलं जातं ते आपसूक सरळ राहतं. खात्री करायची असेल तर सायकल घ्या. हँडल सोडा, नुसती सीट धरून पुढे ढकला, सायकल सरळ जाईल. आता तशीच मागे ओढा. हँडल गर्रकन फिरून आडवं होईल. पुढे जाताना चाक खिळीमागे असतं, मागे ओढताना ते खिळीपुढे येतं. सगळी विद्या एवढ्यातच आहे. बाकी बोल्ट आवळणं कुणालाही जमतं.

आणि हे डोळ्यांना दिसत नाही, हा त्यातला छळ आहे. अक्कलकुव्याच्या एका लाकूड ठेकेदाराच्या लॉरीचे पुढचे टायर एकाच बाजूने झिजायचे. त्याने लिंबू बांधलं, टायर बदलले, ड्रायव्हर बदलला, शेवटी बकरं कापलं. मी चाकांना दोरी लावून पाहिली तर दोन्ही चाकं पुढून फाकलेली. पाय फाकून चालणाऱ्याची चप्पल झिजते तसं ते. मधली सळई दोन आटे फिरवली, काम झालं. ठेकेदार खाली बसला आणि म्हणाला, "इतलंच? मंग मी बकरं कसाले कापं?" तो निदान हसला तरी.

तर पाटलांची मोटार. गाडीचा सांगाडा लोखंडी पट्ट्यांच्या कमानींवर बसलेला असतो. कमानीची पाठ सपाट केली की गाडी खाली येते. ते काम मी अब्बांनाच दिलं. पट्ट्या तापवणं, ठोकणं, पुन्हा पाणी देणं यात त्यांचा हात धरणारा खानदेशात कुणी नव्हता, हे मी मुलगा म्हणून बोलत नाही. कमानी अशा उतरल्या की जिजीचा पाय पायरीवर अलगद पडावा. मागे माणसांचं ओझं येणार म्हणून तिथे कमी उतरवल्या, पुढे जास्त.

आणि मग आगीतून फुफाट्यात. दित्या गाडी चालवायला बसला, मी शेजारी. हा दित्या धडगावकडच्या डोंगरातला. पाटलांकडे सालदार म्हणून आला, हात चांगला म्हणून त्यांनी त्याला लॉरी चालवायला शिकवलं होतं. त्याच्या गावाने दारू सोडायची शपथ घेतली होती आणि तो ती इतकी कडक पाळायचा की लग्नातसुद्धा मोहाच्या हंड्यापासून लांब बसायचा. गाडी निघाली आणि पहिल्याच खड्ड्यात स्वतःच्या मनाने डावीकडे झेपावली. दित्याने सावरली. पुढच्या दगडाला परत तेच. त्याचा चेहरा उतरला. "मिस्त्री, हिले कोनी बिघाडं?"

बिघडवलं कुणी नव्हतं, आम्ही खाली केली होती, एवढंच. गाडी खाली आली तशी स्टिअरिंगची पेटीही खाली आली. पेटीपासून चाकाकडे जाणारी सळई आडवी असायची, ती तिरपी झाली. चाक उसळलं की ही सळई त्याला ढकलायची. शिवाय पुढून जास्त उतरवल्यामुळे गाडी नाकावर झुकली आणि मागे रेललेल्या किंगपिनचा माथा पुढे आला. मी पेटी उचलून वरच्या बाजूला बसवली, सळई पुन्हा आडवी केली. राहिला किंगपिनचा कल. त्यासाठी कमान आणि आख यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लोखंडाची एकेक पाचर घालायची, जाड बाजू मागे. आख मागे रेलतो आणि किंगपिन जागेवर येतो. मी गाडीच्या जुन्या धावेचे तुकडे कापून दोन पाचरी केल्या. काळ्याबेंद्र्या, ओबडधोबड, पण कल बरोबर.

त्या दिवशी दित्याने गाडी शहाद्याच्या रस्त्यावर काढली आणि सरळ वाटेवर हात क्षणभर सोडून दिले. स्टिअरिंग आपोआप सरळ आलं. तो पोरासारखा हसला. "हात सोडी दिधा तरी घर वळखस ही!" मग पाटलांच्या दारात जिजीने काठी टेकली, पाय उचलला, पायरीवर ठेवला आणि कुणाचा हात न धरता गाडीत बसली. हरी पाटलांनी डोळे पुसले. मला तेव्हा वाटलं, सुरतेला जाऊन शिकल्याचं सार्थक झालं. माणसाने असं काही वाटून घेऊ नये.

प्रकाशाला जायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दिवशी नवापूरजवळ एक लॉरी अडली, मला बोलावणं आलं, मी गेलो. आणि अब्बांना वाटलं, पोरगा गावात नाही, मोटार का होईना, पहिला प्रवास आहे, म्हातारी बाई आहे, कमानी आपल्या हातच्या आहेत. रीत कुणी पाळायची? ते वंगणाचा डबा आणि हत्यारांची पिशवी घेऊन लोणखेड्याला गेले.

पुढचं मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. दित्या तेव्हा शेतात होता. अब्बा एकटेच गाडीखाली शिरले, आखावर हात फिरवला आणि हाताला पाचर लागली. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. कासम मिस्त्रीच्या मुलाच्या कामात पाचर! आख तर मागे वाकडा झालेला. उद्या प्रकाशाला चार माणसं बघणार. म्हातारा गाडीखाली झोपून लाजेने लाल झाला असणार, मला दिसतंच ते. त्यांनी टेकू लावला, बोल्ट सैल केले, पाचरी काढल्या, पिशवीतल्या लोखंडाच्या दोन सपाट पट्ट्या कानशीने घासून घासून त्या जागी अशा बसवल्या की मधे केससुद्धा जाऊ नये. आख ताठ केला. वंगण घातलं. नारळ घेतला. मुलाची अब्रू राखली आणि त्याला कळूही द्यायचं नाही, असं ठरवून घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी नवापूरहून उतरलो तर स्टेशनवरच बातमी. प्रकाशाहून परत येताना पाटलांची मोटार नाल्यात गेली.

मी पोचलो तेव्हा जिजीला घरी नेलेलं होतं. तिथे नुसती गाडी कुशीवर पडलेली, नाल्याच्या उतारावर रबराचा काळा पट्टा, आणि बाभळीखाली दित्या. एक हात लोंबत होता. शेजारी शिपाई.

"मिस्त्री," तो म्हणाला, "ती आपोआप वळनी. मी ब्रेक दाबा, आन ती वळनी."

मी गाडीजवळ वाकलो. पुढची चाकं एका बाजूला पूर्ण आडवी झालेली. कमानीखाली पाहिलं. पाचर नव्हती. तिथे सपाट पट्टी होती, कडा घासलेल्या, कोपरे गोल केलेले. कोपरे गोल करायची सवय नंदुरबारात एकाच माणसाला होती. मी तिथेच धुळीत बसलो, आणि शिपायाला वाटलं, मला ऊन लागलं.

ब्रेक दाबला की पुढच्या आखाचा माथा आणखी पुढे ओढला जातो. पाचर असती तर तेवढं झुकूनही किंगपिन मागेच राहिला असता. पाचर नव्हती, त्यात उतार, त्यात ब्रेक. चाक खिळीपुढे आलं आणि मागे ओढलेल्या सायकलसारखं फिरलं. दित्याच्या जागी मी असतो तरी धरू शकलो नसतो.

मी एक पट्टी सोडवून घेतली आणि घरी आलो. अब्बा दुकानात होते, बातमी अजून त्यांच्यापर्यंत आलेली नव्हती. मी पट्टी पुढे ठेवली. त्यांनी ती उचलली आणि गालात हसले.

"सापडनी का? मन्ही शे. कशी बठनी देख. तुन्ही लाज राखी मी, बेटा."

मला ओरडायचं होतं. शेवटी सांगितलं की गाडी उलटली. ते चिडले. "आख सरळ बसाडा ते गाडी वाकडी कशी जाई?" मी समोरच्या दुकानदाराची सायकल आणली. सीट धरून पुढे ढकलायला लावली, मग मागे ओढायला लावली. हँडल फिरलं. त्यांनी परत ओढली, परत फिरलं. तिसऱ्यांदा त्यांनी फार हळू ओढली, जणू या वेळी तरी फिरू नये. मग सायकल भिंतीला टेकवून ठेवली. आयुष्यभर लोखंड हाताळलेला माणूस, त्याला समजायला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"जिजीले लागनं का?"

"जिजी गयी, अब्बा."

त्यांनी टोपी घातली, पिशवीतून माझ्या दोन्ही पाचरी काढून उपरण्यात बांधल्या आणि म्हणाले, चाल, फौजदारकडे. दित्याला पकडलंय हे कळल्यावर तर ते माझ्याही पुढे चालायला लागले.

शहाद्याचा फौजदार तसा वाईट माणूस नव्हता. त्याने अब्बांना खुर्ची दिली. अब्बा बसले नाहीत. "साहेब, मी पाचर काढी. गाडी मी मारी. दित्याले सोडी द्या."

फौजदाराने टेबलावरची पट्टी उचलली, बोट फिरवलं. आरशासारखी गुळगुळीत. मग माझी पाचर उचलली. काळी, खरबरीत, एका बाजूला जाड.

"ही यांनी बसवली?"

"हो."

"आणि ही वाकडी तुम्ही?"

"साहेब, ती वाकडीच लागते. मी दाखवतो..."

"मिस्त्री, वाकडं काढून सरळ बसवलं म्हणून गाडी वाकडी गेली, असं मी वर लिहून पाठवू? मला नोकरी करायची आहे." मग आवाज उतरवून अब्बांना म्हणाला, "बाबा, तुमचं मन मोठं आहे. पण डोंगरातला माणूस, यात्रेचं गाव, मोहाची दारू. मी काय आज पाहतोय?"

"कुणाला वास आला का दारूचा?" मी विचारलं.

"नाल्यात पडल्यावर वास कुणी बघितला?"

मी सायकलची गोष्ट काढली, तर बाहेरचे शिपाई हसले. त्या दिवसापासून मला कुणी सीट धरून सायकल ढकलताना दिसलं तरी माझं डोकं तडकतं.

मग लोणखेडा. हरी पाटील ओसरीवर बसलेले, डोक्याचे केस उतरवलेले. अब्बा त्यांच्या पायाशी गेले. पाटलांनी घाईने त्यांना उठवलं.

"कासमभाई, हे काय करतस? तुम्हीन रीत पाळी, वंगण घालं. जिजी मरापावत तुमनं नाव ली ऱ्हायंती. म्हने, पाणी हालनं नही पोटमानं."

"आबा, मी पाचर काढी..."

"मी मांगे बसेल व्हतू, मायना हात हातमा धरीसन. मी मन्हा डोयाघाई देखं. दित्याना हात फिरना आन गाडी वळनी."

हात फिरले होतेच. स्टिअरिंग गर्रकन फिरलं तर त्याला धरलेले हात फिरणारच. हात चाकाने फिरवले की चाक हातांनी, हे मागे बसलेल्या माणसाला कसं कळावं? मी ते समजावू लागलो. पाटलांनी हात जोडले आणि म्हणाले, मिस्त्री, आज नको. आज नको म्हणाले ते कायमचंच. आई गेलेल्या माणसाला पाचर, किंगपिन, कल, असलं काही ऐकायचं नसतं. त्याला एक माणूस लागतो, आणि माणूस पकडलेला होताच.

खटल्यात अब्बांनी पुन्हा तेच सांगितलं. दित्याच्या वकिलानेच त्यांना मधे थांबवलं, म्हणाला, म्हातारा भ्रमिष्ट वाटतो, आपलीच बाजू दुबळी होईल. ती पट्टी आणि दोन पाचरी टेबलावर पडून राहिल्या. जो तो पट्टी हातात घ्यायचा आणि कौतुकाने बघायचा. अब्बांच्या हयातीतलं ते सगळ्यात सुबक काम होतं आणि त्यानेच त्यांना निर्दोष ठरवलं. दित्याला धुळ्याच्या तुरुंगात पाठवलं. लायसन कायमचं गेलं.

अब्बांनी त्यानंतर धाव चढवली नाही. हत्यारं विकली नाहीत, कुणाला दिलीही नाहीत. सकाळी दुकान उघडून बसायचे, गिऱ्हाईक आलं की मान हलवून परत पाठवायचे. अम्मी रडायची. मी समजूत घालायला गेलो की म्हणायचे, "माले कोनी सजा देत नही, ते मी काय करू?" घरात बाप आहे आणि नाही, अशी ती वर्षं गेली. मी मोटारींची कामं करत होतो, पाचरी घालत होतो, आणि प्रत्येक वेळी बोल्ट आवळून झाले की परत गाडीखाली शिरून पाचर चाचपायचो.

दित्या सुटल्याचं कळलं तेव्हा अब्बा म्हणाले, त्याच्याकडे जायचं. तळोद्यापर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे चालत. डोंगर चढताना अब्बा दर थोड्या वेळाने बसायचे. दित्याची झोपडी उतारावर होती. तो बाहेर आला. मोडलेला हात वाकडाच जुळला होता. तुरुंगातून आल्यावर तो गुजरातेत मजुरीला जाऊन आला होता, पुन्हा जाणार होता. बायकोने खाट टाकली, पाणी दिलं.

अब्बा खाटेवर बसले नाहीत, खाली मातीतच बसले. "दित्या, मी सांगाले उनू. त्या दिवशी पाचर मी काढी. तू काहीच करं नही. तुन्ही जिंदगी मी बिघाडी. माले जे करनं ते कर."

दित्या म्हणाला, "बाबा, मी जेलमा रोज इचार करा. त्या दिन चाक भलतं हलकं व्हतं. माले वाटनं, तुम्हीन वंगण घालं म्हनीसन हलकं व्हयनं. मी खूश व्हतू. हलकं चाक, मन्हा हात जड. मीच जास्ती फिरावं व्हई."

"नही रे! पाचर नव्हती म्हनीसन हलकं व्हतं! युसूफ, सांग याले!"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, खिळीचा कल, ब्रेक, सळई. दित्याला मोटार कळत होती, मला वाटलं, निदान याला तरी कळेल. तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसला, अगदी मवाळ हसला. उठला, आणि चांगल्या हाताने अब्बांचे पाय धरले.

"बाबा, मन्हाकरता तुम्ही हाई आपला माथावर ली ऱ्हायनात. कोरटमा बी लिधं. इतलं कोनी कोनाकरता करस नही. पन मी जिजीले मारं, ते माले मालूम शे."

अब्बांनी पाय ओढून घेतले. दित्याच्या बायकोने दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आमच्याबद्दलच्या कृतज्ञतेचं. अब्बांनी भाकरीचा तुकडा मोडला, हातात धरून बसले, आणि शेवटी तो उपरण्यात बांधून घेतला, कारण तिथे टाकता आला नसता.

डोंगर उतरताना अब्बा पुढे चालत होते. तळोद्याचा रस्ता दिसायला लागला तेव्हा थांबले आणि माझ्या दंडाला धरलं.

"युसूफ, तू तरी मानस ना, मीच काढी म्हनीसन?"

मी म्हटलं, "मानस, अब्बा."